कोल्हिणीकडे बसायला

ये बाई, अशी जवळ ये. खुर्चीच्या टोकावर टेकून काय बसलीस, गाडी सुटून राह्यली का तुझी? आणि तो फोन जरा उपडा ठेव. मघापासून पाहते आहे, तुझा अंगठा काही थांबत नाही. साऱ्या मुलखाशी बोलतेस, अन् मावशी विचारते चहात साखर किती, तर नुसतं "हं". मी काही फोनाच्या वाईटावर नाही हो. उलट त्यातली मी जुनी खेळाडू आहे. ही समोरची खोली दिसते ना, जिथं आता गव्हाच्या कोठ्या ठेवल्यात, तिथं एकेकाळी पाच कॉम्प्युटर होते. माझ्या प्रशांतनं सायबर कॅफे टाकला होता. तो दिवसा नोकरीवर जायचा, म्हणून दिवसभर गल्ल्यावर मी. चौथी शिकलेली बाई, पण तिथं बसून कामापुरतं इंग्रजी शिकले, अन् माऊस धरायला मी या गल्लीत कितीतरी जणांना शिकवलं. त्यातलेच एक आमचे देवीदासभाऊ.

देवीदासभाऊंचं असं, की कोणाच्याही घरी गेले, तरी ते दाराकडे तोंड करून उभे राहायचे. बसा म्हटलं तरी नाही. भिंतीला खांदा, तोंड दाराकडे, अन् डावा हात उगाच वर, जणू तिथं काही बटण आहे. आमच्या नव्या सुना बिचाऱ्या घाबरायच्या. त्यांना वाटायचं पाहुणा रागावला. मग त्यांना सांगावं लागे, बाई गं, हे वर्ध्याजवळच्या मोठ्या दवाखान्यात लिफ्टमन होते. सारी उमर त्या पेटीत उभे राहून गेली, आता पाठ वाकत नाही आणि तोंड वळत नाही.

लग्नाच्या हॉलमध्ये हे दाराशी. "आत व्हा, आत व्हा, दार लागू द्या." ऑटोत बसले की शेजारच्याला ढकलून, "आधी उतरनाऱ्याले उतरू द्या, पेशंट फर्स्ट." नवरदेव घोड्यावरून उतरतो आहे, अन् हे त्याला वाट करून देताहेत, "बाजू व्हा, पेशंट हाय." नवरदेवाच्या बापाचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

आणि बोलणं? त्यांचं बोलणं एका मजल्याएवढं. खालून वर जायला लिफ्टला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात जे सांगायचं ते सांगून व्हायला पाहिजे. नाही झालं, तर अर्ध्यात सोडून द्यायचे. एकदा सकाळी आमच्या फाटकाशी आले.

"वैनी, आज न्हानीत गेलो, पायतो तं बादलीमांगं हा एवढा साप. असा फना काढून. मी तांब्या उचलला, तं त्यानं..."

"मग?"

"मजला आला," म्हणाले, अन् चालू लागले. त्या सापाचं काय झालं ते आमच्या गल्लीत आजपर्यंत कोणाला कळलेलं नाही. इंदू, म्हणजे त्यांची बायको, सांगायची, "माय वं, लग्नाले इतके वर्सं झाले, या मानसाची एक गोठ मी पुरी आयकली नाई." हसत हसत सांगायची. इंदू हसली की तिच्या नाकातली मोरणी हलायची. मूलबाळ नव्हतं त्यांना. ती दोघंच.

पण लिफ्टमध्ये त्यांचा एक नेम होता, तो सांगितला पाहिजे. वर जाणाऱ्या माणसाशी बोलायचे. "जेवले का? पानी घ्या, तिसऱ्यावर थंडं हाय." पण "पेशंट कसा हाय" असं कधी विचारायचे नाहीत. म्हणायचे, "त्याचं उत्तर एका मजल्यात बसत नाई, वैनी. मानूस सांगाले लागते, अन् दार उघडते. मंग ते अर्धं रडनं घेऊन तो वार्डात जाते." आणि खाली येणाऱ्याशी तर ते बोलायचेच नाहीत. नुसतं दार उघडं धरून ठेवायचे, जरा जास्त वेळ.

इंदू त्याच दवाखान्यात गेली. भाऊंच्या निवृत्तीला थोडे महिने राहिले होते. आम्ही सगळ्या जणी बसायला गेलो. आपल्याकडची रीत तुला माहीत आहे. मयतीच्या घरी जायचं, सतरंजीवर बसायचं. बोलायला पाहिजे असं काही नाही. बसायचं. त्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारच्यांनी पिठलं-भाकर न्यायची. सगळं झालं. पण तेरवीपर्यंत हा माणूस काही खाली बसला नाही. दाराशी उभा. "आत व्हा, आत व्हा. इकडं जागा हाय." कोणी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून काही बोलायला गेलं, की हे म्हणायचे "मजला आला", अन् मागच्याला आत घ्यायचे. आम्ही बसलो, उठलो, घरी आलो. त्यांच्याजवळ बसलं असं कोणीच नाही, कारण ते स्वतःच बसले नाहीत.

निवृत्त झाल्यावर दुपारी ते आमच्या कॅफेत येऊन उभे राहू लागले. कूलर होता ना. पोरं गेम खेळायची, हे दाराशी. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट करून द्यायचे. मला बघवेना. एक दिवस मी म्हटलं, "भाऊ, उभे राहाचंच हाय तं इथं उभे राहा," आणि कोपऱ्यातल्या मशीनवर त्यांना एक दुनिया उघडून दिली.

तेव्हा ते नवीन निघालं होतं. खोटी दुनिया, पण तिच्यात तळं, झाडं, घरं सगळं. आपलं एक बाहुलं करायचं आणि त्यात फिरायचं. देशोदेशीचे लोक तिथं बाहुली होऊन येत. हवं ते रूप घ्या. पोरं पंख लावत, कोणी वाघाचं तोंड लावी, बाया परकर उडवत आभाळातून येत. देवीदासभाऊंनी रूप काय घ्यावं? एक पोक्त बाहुलं, केस पिकलेले, अंगात खाकी सदरा. तो सदरा शोधता शोधता माझे डोळे गेले. "भाऊ, पंख घ्या ना," मी म्हटलं. "पाय हायेत ना," म्हणाले. आणि पहिलं काम काय केलं, तर तिथल्या एका नाचघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले. येणाऱ्या प्रत्येकाला एका बोटानं टाइप करायचे, "वेलकम. इनसाइड प्लीज. स्टँड क्लिअर."

लोकांना वाटलं हा तिथला नोकरच आहे. एकानं विचारलं, तू माणूस आहेस की यंत्र? भाऊंनी मला हाक मारली. मी अर्थ सांगितला. ते जरा हसले. "दवाखान्यातही मले लोक बटनच समजत."

तिथलं बोलणं कसं असायचं सांगते. आवाज नाही. डोक्यावर अक्षरं उमटायची. दहा जण एकदम बोलायचे. एकानं विचारलेल्याचं उत्तर दुसरा द्यायचा, तेही भलतंच. भेटला की आधी वय विचारायचे, मग गाव, मग फुर्रकन उडून जायचे. ना राम राम, ना येतो म्हणणं. हसू आलं तर हसायचे नाहीत, हसलो म्हणून तीन अक्षरं लिहायचे. भाऊंना याचं फार नवल. "वैनी, हसू येते तं लिवाले टाइम कसा भेटते?"

पण एक गोष्ट त्यांना फार आवडली. तिथं कोणी टाइप करू लागलं की त्याच्या बाहुल्याचे हात हवेत हलायचे, तबला वाजवल्यासारखे. अक्षरं नंतर यायची. भाऊ म्हणाले, "हे चांगलं हाय. मानूस बोलाच्या आधीच समजते का तो बोलनार हाय. तं आपुन चूप राहावं." आणि कधी कधी हात पुष्कळ वेळ हलायचे, पण अक्षर एकही यायचं नाही. हात थांबायचे. तेव्हा भाऊ खुर्चीत मागं टेकायचे. "लिवलं अन् खोडलं. पोटातली गोठ असन."

हो, खुर्चीत. त्या दुनियेत उभं राहायला मिळालं, म्हणून या दुनियेत ते बसू लागले. एवढं तरी झालं.

तिथंच त्यांना ती कोल्हीण भेटली. अंग बाईचं, तोंड कोल्ह्याचं, अंगात निळं स्वेटर. तळ्याकाठी एका बाकावर बसलेली असायची. कुठल्या देशाची, खरी बाई की बुवा, म्हातारी की पोरगी, आम्हाला कधी कळलं नाही. भाऊंनी विचारलंच नाही. ती बाकीच्यांसारखी भराभर बोलायची नाही, म्हणून यांचं जमलं. यांचं इंग्रजी दवाखान्यातलं, अप आणि डाऊन एवढंच.

"टुडे रेन?" हे विचारायचे.

"येस, रेन. यू?"

"नो. हॉट. लाइन गो."

तेव्हा भारनियमन होतं गं. दुपारी कधीही लाईन जायची, अन् बोलता बोलता हे त्या दुनियेतून गडप. तिला आधी वाटलं हा माणूस रागावून जातो. मग यांनी तिला समजावलं. वीज, दुपार, वर्धा, सगळं. त्यानंतर ती रोज भेटल्यावर पहिलं विचारायची, "लाइन कम?" आणि हे सांगायचे, "लाइन कम." असं ते वर्ष दोन वर्षं चाललं. पाऊस, ऊन, लाईन. त्यापलीकडे बोलणं नाही, पण दुपारची जेवणं झाली की भाऊ डोक्याला तेल लावून हजर.

एक दिवस तिच्या डोक्यावर अक्षरं आली, की माझी आई गेली. मी त्यांना अर्थ सांगेपर्यंत आजूबाजूचे दहा जण धावून आले. सॉरी, सॉरी. कोणी लाल बदाम काढला, कोणी मेणबत्ती लावली. एकानं तर हवेतून फुलं पाडली. आणि लगेच नाचघरात दिवे लागले, तशी सगळी उडून गेली. कोल्हीण बाकावर एकटी.

भाऊ माझ्याकडे वळले. चेहरा असा झालेला, की जणू मीच काही केलं.

"वैनी, हे काय हो? मयतीच्या घरी आले, दोन अक्षरं फेकले, अन् नाचाले गेले?"

"त्यायची रीत असन, भाऊ."

"रीत कायची? माय मेली तिची."

ते उठून घरी गेले. मला वाटलं आज काही येत नाहीत. पण परत आले. आंघोळ केलेली, धुतलेला पांढरा सदरा. चपला पायरीखाली काढल्या. कॅफेत रोज चपलांनी येणारा माणूस! मी विचारलं, "कुठं निघाले?"

"तिच्याकडं. बसाले."

आणि कॉम्प्युटरपुढे बसले. मी चहा नेला, तर हातानं परत केला. "मयतीच्या घरी चहा घेत नाई, वैनी." गेम खेळणारी पोरं फिदीफिदी हसली. मी त्यांना डोळे दाखवले, पण खरं सांगते, माझ्याही ओठावर आलं होतं.

त्यांनी आपलं बाहुलं तळ्याकाठी नेलं. बाकावर जागा होती, पण तिथं नाही बसवलं. खाली जमिनीवर बसवलं, तिच्या पायापासून जरा हटून. आणि चूप. एक अक्षर नाही. तिनं विचारलं, बरा आहेस ना? हे चूप. तिनं नुसतं प्रश्नचिन्ह टाकलं. हे चूप. शेवटी मीच म्हटलं, "भाऊ, तिले काय समजन? तिच्या मुलखात बसाले जात नसन. काई तं सांगा." तेव्हा त्यांनी एकेक अक्षर शोधून लिहिलं, "मदर गो. आय कम. आय सिट. नो टॉक."

कोल्हिणीचे हात हवेत हलू लागले. पुष्कळ वेळ हलले. थांबले. पुन्हा हलले. अक्षर एकही आलं नाही. "येऊ दे," भाऊ पुटपुटले, "घाई नाई." जरा वेळानं ती बाकावरून उतरली आणि तीही खाली जमिनीवर बसली.

आता त्या दुनियेचा एक कायदा होता. काही बोललं नाही, हललं नाही, तर ती दुनिया माणसाला बाहेर काढून टाकायची. यंत्राला वाटायचं हा निघून गेला. त्या दिवशी भाऊंनाही काढलं. "हाकललं मले! मयतीतून!" ते एवढ्यानं ओरडले की बाहेरचा भाजीवाला आत डोकावला. मग मी शोधून काढलं, की अधूनमधून एक बटण दाबलं तर बाहुलं जरा मान हलवतं आणि हकालपट्टी टळते. रोज दुपारी हा माणूस पांढरा सदरा घालून यायचा, एक बोट त्या बटणावर ठेवायचा, अन् बसायचा. एकदा मला म्हणाले, पिठलं-भाकर मिळेल का बघा तिथं. मी सारा बाजार धुंडाळला. केक होता, पिझ्झा होता. शेवटी एक पिवळं काहीतरी वाटीत मिळालं, तेच नेऊन तिच्यापुढे ठेवलं. तिनं ते हातात घेतलं, अन् तेरवीपर्यंत खाली ठेवलं नाही.

तेराव्या दिवशी ती बोलली. भाऊंनी मला बोलावलं. "काय म्हनते?"

"इचारते, तुमचं कोनी गेलं का?"

भाऊंनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. आणि लिहायला लागले. इंग्रजी अक्षरं, पण बोली आपलीच. मी अर्थ सांगायला मागं उभी होते, पण अर्थ सांगायचं कामच उरलं नाही. कोल्हिणीला त्यातलं अक्षर कळणार नव्हतं. कळत होतं ते मला एकटीला.

"माही बायको इंदू. तिसऱ्या मजल्यावर होती. मी लिफ्टमधी. तिसऱ्यावर दार उघडे, तं वार्डाचं दार समोर. तिची खाट दिसे. इंदू हात वर करे. मी हात वर करो. मंग दार लागे. दिवसभर असंच आमचं बोलनं. तिले वाटे मी आलो. मले वाटे मी भेटलो. रजा मागतली असती तं भेटली असती. मी नाई मागतली. मनलं डूटी झाल्यावर बसू. डूटी झाली का ते गोळीनं झोपेली राहे. एक दिवस..."

आणि लाईन गेली.

पडदा काळा. कूलर घरघरत थांबला. पोरं आरडाओरडा करत बाहेर पडली. भाऊ तसेच बसून. बोट त्या बटणावर.

"उठून गेलो असं वाटन तिले," ते म्हणाले. "अर्ध्यात."

"तिले मालूम हाय ना भाऊ, तुमची लाईन जाते."

"ते रोजचं. आज नाई."

मी एवढी बोलकी बाई. मेल्या माणसाला बोलतं करीन, असं लोक म्हणतात. त्या दुपारी मी शेजारची खुर्ची ओढली आणि बसले. खोली तापत चालली. त्यांच्या मानेवरून घाम उतरत होता, पण उठून वाऱ्याला बाहेर जायला तयार नाहीत. एकदाच बोलले, समोर पाहत.

"वैनी, तुमी वाचलं?"

"हाव."

"हं."

दिवेलागणीला लाईन आली. मशीन सुरू व्हायला काय वेळ लावायचं तेव्हा, तुला काय सांगू. एक एक चित्र उमटत गेलं. आधी आभाळ, मग तळं, मग बाक. नाचघर बंद झालं होतं, चिटपाखरू नव्हतं. आणि बाकाखाली जमिनीवर कोल्हीण बसलेली. निळं स्वेटर. हातात ती पिवळी वाटी. पाहता पाहता तिनं मान जराशी हलवली. थोड्या वेळानं पुन्हा हलवली. कुठल्या मुलखात कोण बाई, तिकडे पहाट की मध्यान्ह, पण ती तिकडे बटण दाबत बसली होती. कोणी बाहेर काढू नये म्हणून.

भाऊंनी बाहुलं जागेवर बसवलं आणि राहिलेलं लिहिलं.

"एक दिवस दार उघडलं. खाट दिसली. मी हात वर केला. तिचा हात नाई आला. लिफ्टमधी स्ट्रेचर होतं. दुसऱ्याचा पेशंट, वर न्याचा होता. मी दार लावलं. वर गेलो."

ती काय लिहिणार, तिला समजलंच काय होतं? ती नुसती सरकली, निळी बाही खाकी बाहीला लागेपर्यंत. मी उठले. गल्ल्याचं कुलूप उगाच उघडलं, उगाच लावलं.

पुढे फोन आले, कॅफे मोडला, मशिनी गेल्या. त्याआधीच कोल्हीण यायची बंद झाली होती. भाऊ म्हणाले, "तिचं मन लागलं असन कुठं." तक्रार नाही. गल्लीत कोणाचं काही झालं की ते आता जातात, चपला काढतात, आणि खाली बसतात. घरातली नवी पोरं विचारतात, काका, काही पाहिजे का? हे मान हलवतात. गुडघे धरतात आता त्यांचे, उठवायला दोघं लागतात.

निघालीस? बरं, जा. गाडीची वेळ झाली असेल. दुपारी भाऊ येतात माझ्याकडे. ते बसतात, मी बोलते. प्रशांत नागपूरला गेला, पलीकडच्या ओळीतली घरंही एकेक करून बंद झाली. कधी कधी मनात येतं, आम्हा दोघांतलं एक आधी जाणारच. दुसरं येईल बसायला, कसंही येईल, धरून आणावं लागलं तरी. पण त्यानंतर जे उरेल, त्याच्याकडे कोण? मी काही रडवत नाही गं तुला. एवढंच म्हणते, गेल्यावर सगळेच येतात, गाड्या करून येतात. तू आम्ही असताना ये. कारंज्याकडची संत्री उतरली की टोपली मागवते. शनिवारीच येजो, रात्र राहाजो. लवकर येजो, बाई.